रानकबुतराचे पिल्लू सापडले तर: कोल्हापूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पारवा म्हणजे आपल्या गावात सर्वत्र दिसणारे निळसर राखाडी रानकबूतर. हा मुळात कड्याकपारींत राहणारा पक्षी आहे. पन्हाळ्याच्या तटातील भगदाड, जुन्या वाड्याचा कोनाडा आणि राजारामपुरीतील अपार्टमेंटची डक्ट या तिन्ही त्याच्या लेखी सारख्याच कपारी होत. घरटे मात्र तो अतिशय आळसाने बांधतो. चार काटक्या आडव्या टाकल्या की त्याचे काम संपते, आणि म्हणून पिल्ले खाली पडतात. अशी पिल्ले सापडलेल्या लोकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते त्यांच्या उत्तरांसह येथे एकत्र केले आहेत. पिल्लू आत्ता हातात असेल, तर आधी प्रश्न ५ वाचावा आणि बाकीचे नंतर.

१. पार्किंगमध्ये कबुतराचे पिल्लू बसलेले दिसले. उचलावे की तसेच ठेवावे?

ते पिलाच्या वयावर ठरते. अंगभर पिसे असलेले, स्वतःच्या पायांवर उभे राहणारे आणि जवळ गेल्यावर फडफडत दूर जाणारे पिल्लू बहुधा नुकतेच घरट्याबाहेर पडलेले असते, आणि त्याचे आईबाप आसपासच असतात. अशा वेळी मांजरे आणि कुत्री दूर ठेवून दोनतीन तास लांबून पाहावे. पिवळट लव असलेले किंवा पिसांच्या नुसत्या नळ्या फुटलेले पिल्लू मात्र जमिनीवर जगू शकत नाही, त्यामुळे ते उचललेच पाहिजे. घरटे दिसत असेल, हात पोहोचत असेल आणि पिल्लू धडधाकट व अंगाने गरम असेल, तर सर्वांत चांगला उपाय म्हणजे ते परत घरट्यात ठेवणे. रक्त, लोंबकळणारा पंख, थंड पडलेले अंग किंवा अंगावर माश्यांची अंडी दिसल्यास वय काहीही असले तरी वाट पाहू नये.

२. माणसाचा हात लागला की आईबाप पिल्लाला टाकून देतात ना?

नाही. पारवे आपले पिल्लू वासावरून नाकारत नाहीत. हा समज इतका पक्का रुजला आहे की त्यापायी घरट्यात परत जाऊ शकणारी पिल्लेही खोक्यात येऊन पडतात.

३. हे पारव्याचेच पिल्लू आहे, होल्याचे किंवा हरियलाचे नाही, हे कसे ओळखायचे?

पारव्याचे लहान पिल्लू, स्पष्टच सांगायचे तर, कुरूप असते. त्याची चोच डोक्याच्या मानाने मोठी आणि टोकाकडे फुगीर असते, अंगावर विरळ पिवळी लव असते आणि त्वचा काळपट गुलाबी दिसते. होला हा कबुतराच्याच कुळातील लहान पक्षी. त्याचे पिल्लू बरेच लहान व सडपातळ असते आणि त्याचे घरटे बहुधा झुडपात, कुंडीत किंवा ग्रिलवर सापडते. होल्याची देखभाल जवळजवळ पारव्यासारखीच करावी, फक्त अन्नाचे प्रमाण बरेच कमी ठेवावे. हरियल, म्हणजे आपला राज्यपक्षी, याची गोष्ट वेगळी आहे. तो वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर जगतो, झाडावर घरटे करतो आणि त्याच्या पिलाला धान्य मानवत नाही. पिसांत हिरवट-पिवळी झाक दिसल्यास घरी प्रयोग न करता लगेच वनविभागाला कळवावे (प्रश्न १५).

४. त्याचे वय किती असेल?

अंड्यातून बाहेर आल्यापासून चारपाच दिवस डोळे मिटलेले असतात. पहिला आठवडा संपताना पिसांच्या नळ्या फुटू लागतात आणि दुसऱ्या आठवड्यात पिल्लू साळिंदरासारखे दिसते. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस अंग बहुतेक पिसांनी झाकते, पण डोक्यावर पिवळे केस उरलेले असतात. साधारण २५ ते ३२ दिवसांनी पिल्लू घरटे सोडते. यानंतरच्या वयाचे पिल्लू आणि मोठे कबूतर यांच्यात गोंधळ होतो. अशा वेळी डोळा पाहावा. मोठ्याचा डोळा नारिंगी-लाल असतो, तर पिलाचा तपकिरी. चोचीच्या मुळाशी असलेला फुगवटाही मोठ्यात पांढरा आणि पिलात करडा असतो.

५. घरी आणले. आता पहिल्या तासात काय करायचे?

ऊब, मग पाणी, मग अन्न, हाच क्रम पाळायचा आहे. थंड पडलेल्या पिलाची पचनक्रिया मंदावलेली असते आणि त्याला भरवलेले अन्न गळ्याखालच्या पिशवीतच आंबते. सुरुवातीच्या काळात मी स्वतः ही चूक केली आहे. पावसात भिजलेल्या पिलाला कळवळून आधी भरवले आणि सकाळी ते मेलेले आढळले.

बुट्टीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात जुन्या सुती कापडाची चुंबळ करून ठेवावी आणि पिल्लू तिच्या मधोमध बसवावे, म्हणजे त्याचे पाय शरीराखाली राहतात. नुसते वर्तमानपत्र घालू नये, कारण त्यावरून पाय घसरतात (प्रश्न १२). गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे पिलाला उकडल्यास दुसऱ्या बाजूला सरकता येईल. ज्याला सरकताच येत नाही इतके ते लहान असेल, तर आपणच दर अर्ध्या तासाने हात लावून पाहावे. पिवळा ४० वॉटचा बल्ब वरून टांगला तरी चालतो, पण एलईडी दिव्यातून उपयोगी पडेल इतकी ऊब मिळत नाही. लव असलेल्या पिलाला सुमारे ३४ ते ३६ अंश सेल्सिअस, नळ्या फुटलेल्याला ३० च्या आसपास तापमान लागते, आणि पिसे आलेल्याला कोल्हापूरच्या बहुतेक ऋतूंत घरातील हवा पुरते. थर्मामीटर नसेल तर पिलाचा पाय आपल्या गालाला लावून पाहावा. तो गार लागता कामा नये. पिल्लू चोच उघडून धापा टाकत असेल तर ऊब जास्त झाली आहे.

अंग गरम झाल्यानंतर कोमट पाणी द्यावे. ते कसे द्यायचे हे प्रश्न ६ मध्ये आहे. खोके अंधारे व शांत जागी ठेवावे आणि शेजारच्या मुलांना दाखवण्याचा कार्यक्रम दुसऱ्या दिवसावर टाकावा.

६. ड्रॉपरने दूध किंवा पाण्यात कुस्करलेला पाव दिला तर चालेल का?

दोन्ही चालत नाहीत. पक्ष्यांना दुधातील साखर पचत नाही आणि पावात पिलाला लागणारे काहीही नसते. “कबुतराचे दूध” हा शब्द ऐकून काही जण गाईचे दूध पाजतात, परंतु ते दूध म्हणजे नर व मादी या दोघांच्याही गळ्याखालील अन्नपिशवीच्या अस्तरातून सुटणारा दह्याच्या चोथ्यासारखा पदार्थ असतो. त्यात प्रथिने आणि स्निग्धांश भरपूर असतात, पण गाईच्या दुधातली साखर नसते.

ड्रॉपरने तोंडात पाणी सोडणे त्याहून धोक्याचे आहे. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशी उघडे असते, त्यामुळे ओतलेले पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकते. कबूतर इतर बहुतेक पक्ष्यांसारखे घोट घेऊन मान वर करत नाही. ते चोच बुडवून पाणी ओढून घेते. म्हणून लहानशा वाटीत कोमट पाणी घ्यावे आणि पिलाची चोच टोकापासून निम्म्यापर्यंत अलगद बुडवावी. नाकपुड्या पाण्याबाहेर राहतील याकडे लक्ष द्यावे. दोनतीन प्रयत्नांत ते स्वतः पिऊ लागते.

७. मग नक्की काय भरवायचे, आणि कसे? ते चोचच उघडत नाही.

चिमणीचे पिल्लू चोच वासून ओरडते आणि आई त्यात घास टाकते. कबुतराचे पिल्लू याच्या उलट वागते, ते स्वतःची चोच आईच्या तोंडात खुपसून अन्न ओढते. म्हणून ते चोच उघडत नाही, आणि त्याला भूक नाही असा आपला गैरसमज होतो.

दोन आठवड्यांखालील पिलासाठी पेट शॉपमध्ये मिळणारा, पोपटाच्या पिलांसाठीचा हँड-फीडिंग फॉर्म्युला सर्वांत सोयीचा असतो. तो कोमट पाण्यात कालवावा. पहिल्या दिवसांत ताकाइतका पातळ ठेवावा आणि पुढे पिठल्याइतका दाट करत न्यावा. अन्न ३९ ते ४० अंशांवर असावे. याहून गरम अन्नाने अन्नपिशवी आतून भाजते, आणि मायक्रोवेव्हमध्ये तापवलेल्या अन्नात मधेच कढत भाग राहतो, म्हणून ते नीट ढवळावे. रविवारी रात्री काहीच मिळाले नाही, तर उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक कोमट पाण्यात गुळगुळीत कालवून एक दिवस भागवता येते, त्याहून अधिक नाही.

भरवण्यासाठी सुई नसलेली मोठी सिरिंज घ्यावी, तिचे निमुळते तोंड कापून कड घासून गुळगुळीत करावी, त्यावर ताणली जाणारी बँडेजची पट्टी घट्ट बसवून तिला बारीक चीर द्यावी. पिलाची चोच त्या चिरेत सरकवली की ते अंग हलवत, चीं चीं करत अन्न ओढू लागते. घरात सिरिंज नसेल तर स्वच्छ धुतलेल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या कोपऱ्याला चोचीएवढे भोक पाडूनही काम होते. नाकपुड्यांवर अन्न राहिल्यास लगेच ओल्या कापसाने पुसावे, वाळल्यावर ते निघत नाही.

दोन आठवड्यांवरील पिलाला वाटाणे द्यावेत. फ्रोझन हिरवे वाटाणे गरम पाण्यात ठेवून कोमट करावेत, किंवा वाळलेले वाटाणे रात्रभर भिजवून थोडे उकडावेत. मीठ घालू नये. पिल्लू टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घ्यावे, चोचीच्या दोन्ही बाजूंना अंगठा व बोट ठेवून ती हळूच उघडावी आणि वाटाणा जिभेच्या मागे ठेवावा. बाकीचे काम ते स्वतः करते. दोन आठवड्यांच्या पिलाला एका वेळी पंधरा-वीस, तर तीन-चार आठवड्यांच्या पिलाला तीस-चाळीस दाणे लागू शकतात. आकडा पाठ करण्यापेक्षा गळ्याखालची अन्नपिशवी चाचपून पाहणे महत्त्वाचे (प्रश्न ८).

पहिल्या तीनचार दिवसांचे पिल्लू मात्र आईबापांच्या दुधाशिवाय वाचणे अवघड असते, हे आधीच मान्य करावे. त्याला खरी संधी मिळते ती दुसऱ्या कबुतरांच्या घरट्यात. कोल्हापूरच्या पेठांत कबुतरे पाळणारे शौकीन आहेत. त्यांच्यापैकी कोणाकडे त्याच वयाचे एकच पिल्लू असलेली जोडी असेल, तर ती बहुधा परके पिल्लूही सांभाळते. असे पिल्लू आजारी नाही याची खात्री आधी करून घ्यावी, अन्यथा त्या माणसाच्या सगळ्या खुराड्याला रोग लागतो.

८. दिवसातून किती वेळा भरवायचे? पोट भरले हे कसे कळते?

पहिल्या आठवड्यात दिवसभर दर दोनतीन तासांनी, दुसऱ्यात दिवसातून चार वेळा, तिसऱ्यात तीन वेळा आणि त्यानंतर दोन वेळा भरवावे. रात्री भरवण्याची गरज सहसा नसते. छातीच्या वर, गळ्याखाली अन्नपिशवी असते. भरल्यावर ती अर्धवट फुगवलेल्या फुग्यासारखी मऊ लागली पाहिजे, टणक नव्हे. पुढच्या वेळेपर्यंत ती जवळजवळ रिकामी व्हायला हवी. झाली नसेल तर घड्याळ काहीही सांगत असले तरी भरवू नये. पुष्कळ पिल्ले उपासमारीपेक्षा अतिप्रेमाने मरतात, असे माझे मत आहे.

९. पिशवी कालपासून तशीच भरलेली आहे आणि तोंडाला आंबट वास येतो.

अन्न आंबले आहे. भरवणे थांबवावे, पिल्लू उबेत ठेवावे आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. पिल्लाला उलटे धरून पिशवी पिळून काढण्याचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नये, कारण ते आंबलेले अन्न श्वासनलिकेत जाते.

१०. तोंडात दह्यासारखे पिवळे चिकटलेले दिसते. भरवलेले अन्न आहे का?

ओल्या कापसाने सहज पुसले गेले तर अन्न आहे. निघत नसेल, गळ्यात गाठीसारखे असेल आणि पिल्लू गिळताना मान ताणत असेल, तर हा कँकर नावाचा रोग असण्याची दाट शक्यता आहे. तो ट्रायकोमोनास या एकपेशीय परोपजीवीमुळे होतो आणि आईबापांच्या तोंडातून पिलांना लागतो. वेळेवर औषध मिळाल्यास बरा होतो, पण औषधाची मात्रा वजनावर ठरते, म्हणून मेडिकलमधून गोळी आणून अंदाजाने देऊ नये. गाठ नखाने खरवडू नये, त्याने रक्तस्राव होतो.

याउलट चोच, पापण्या व पाय यांवर खपल्या किंवा मसे दिसल्यास ती बहुधा कबुतरांची देवी असते. ती विषाणूजन्य आहे आणि डासांमार्फतही पसरते, म्हणून अशा पिलाला मच्छरदाणीत व इतर पक्ष्यांपासून दूर ठेवावे.

११. मांजराने धरले होते, पण जखम दिसत नाही. मांजा अडकलेल्या पिलाचे काय करावे?

मांजराच्या दाताची जखम टाचणीच्या टोकाएवढी असते आणि पिसांत दिसत नाही. मांजराच्या तोंडातील जिवाणूंमुळे एकदोन दिवसांत रक्तदोष होऊन पिल्लू मरते. त्यामुळे मांजराच्या तोंडून सुटलेल्या प्रत्येक पिलाला, ते कितीही टवटवीत दिसले तरी, काही तासांच्या आत पशुवैद्याकडून प्रतिजैविक मिळाले पाहिजे.

मांजा अडकला असल्यास तो ओढू नये. पिल्लू फडक्यात गुंडाळून दोन्ही बाजूंचा दोरा कात्रीने कापावा, मांसात रुतलेला भाग तसाच ठेवावा आणि रक्त येत असल्यास स्वच्छ कापडाने काही मिनिटे दाबून धरावे. आपल्याकडे लगेच हळद भरण्याची सवय आहे, पण त्यामुळे डॉक्टरांना जखम दिसत नाही. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीनंतर तो तारांवर आणि झाडांवर महिनोन्महिने लटकत राहतो आणि कबुतरे त्यात अडकत राहतात.

१२. पिल्लाचे पाय दोन्ही बाजूंना फाकले आहेत. लंगडे राहील का?

पहिल्या दोन आठवड्यांत लक्षात आले तर बहुधा नाही, कारण तेव्हा हाडे मऊ असतात. दोन्ही पायांमध्ये नैसर्गिक अंतर ठेवून मऊ चिकटपट्टीची बेडी पशुवैद्याकडून बांधून घ्यावी आणि पिल्लू चुंबळीत बसवावे. काही दिवसांत फरक दिसतो. तीन आठवड्यांनंतर सुधारणा क्वचितच होते.

१३. ते मान पूर्ण उलटी फिरवते आणि दाणा टिपताना नेम चुकतो. वेड लागले आहे का?

कबुतरांमधील पॅरामिक्सो विषाणूच्या संसर्गात असे होते. डोक्याला मार लागल्यानेही होऊ शकते, म्हणून निदान पशुवैद्याने करावे. विषाणूवर थेट औषध नाही. तरीही हाताने भरवून व शांत जागी ठेवून अनेक पक्षी काही आठवड्यांत सावरतात. या काळात त्याला इतर कबुतरांजवळ किंवा कोंबड्यांजवळ अजिबात ठेवू नये.

१४. घरात लहान मूल आहे आणि सासूबाईंना दमा आहे. पिल्लू ठेवणे सुरक्षित आहे का?

दम्याचा रुग्ण, गरोदर स्त्री, तान्हे मूल किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेली व्यक्ती घरात असल्यास पिल्लू घरात ठेवू नये, ते दुसऱ्या कोणाकडे सोपवावे. वाळलेल्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीमुळे फुप्फुसांची ॲलर्जीजन्य सूज, सिटाकोसिस (पक्ष्यांपासून माणसाला लागणारा जिवाणूजन्य आजार) आणि बुरशीजन्य आजार होऊ शकतात. २०२५ साली दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत जो वाद पेटला, त्याच्या मुळाशी हाच आरोग्याचा मुद्दा होता. एका पिलाची काही आठवडे काळजी घेणे आणि शेकडो कबुतरांच्या विष्ठेत वर्षानुवर्षे राहणे यांत फरक आहे, पण काळजी तीच घ्यायची. खोके हवेशीर पण बंद खोलीत ठेवावे. विष्ठा झाडूने कोरडी न झाडता आधी पाणी शिंपडून ओल्या कागदाने उचलावी, मास्क लावावा आणि हात साबणाने धुवावेत.

पिसांत चपट्या, तिरक्या पळणाऱ्या माश्या दिसल्यास घाबरू नये. त्या कबुतराचे रक्त पितात आणि त्यांच्यामुळे पक्ष्यांना हिवतापासारखा रोग होतो. पशुवैद्याकडून योग्य पावडर घ्यावी. ढेकणांचा स्प्रे मारू नये.

१५. वनविभागाला कळवावे लागते का? बरे झाल्यावर पाळता येईल का?

कळवावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार ताब्यात आलेल्या वन्यप्राण्याची माहिती ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला द्यायची असते. होला आणि हरियल पाळता येत नाहीत. पारव्याबाबतही कळवून ठेवणेच शहाणपणाचे आहे. महाराष्ट्र वनविभागाची १९२६ ही मदतवाहिनी त्यासाठीच आहे. “आम्ही पाळत नाही, फक्त घरात ठेवले आहे” हा युक्तिवाद ऐकायला मजेशीर असला तरी कामाचा नाही.

१६. ते स्वतः कधी खायला लागेल?

चार आठवड्यांच्या सुमारास. लक्ष्मीपुरीत सहज मिळणारी ज्वारी, बाजरी, गहू, मसूर आणि मूग यांचे कोरडे मिश्रण उथळ ताटलीत ठेवावे आणि आपल्या बोटाने टकटक करून दाणे टिपण्याची नक्कल करावी. पिल्लू ती पाहून शिकते. सोबत बारीक खडी व कुटलेले शिंपले ठेवावेत आणि सकाळचे कोवळे ऊन द्यावे, अन्यथा हाडे ठिसूळ राहतात. दाणे टिपणे आणि दाणे गिळणे यांत फरक असतो, म्हणून हाताने भरवणे एकदम बंद न करता संध्याकाळी पिशवी चाचपून ठरवावे.

१७. कधी आणि कोठे सोडावे?

पंखाखालची उघडी त्वचा पिसांनी झाकली आहे, चीं चीं करणे थांबत आले आहे, ते स्वतः खाते-पिते आहे आणि जमिनीवरून सरळ वर उडून कपाटावर बसते आहे, हे चारही जमले पाहिजे. याला साधारण सहा आठवडे किंवा थोडे अधिक लागतात. ज्या भागात ते सापडले तेथेच, कबुतरांचा थवा उतरतो त्या गच्चीवर सोडावे. आधी आठवडाभर तेथेच पिंजऱ्यात ठेवावे, म्हणजे ते थवा पाहते आणि थवा त्याला. मग कोरड्या दिवशी सकाळी दार उघडून आपण बाजूला व्हावे. जुलै-ऑगस्टच्या आपल्या झडीत सोडू नये. उघडीप मिळेपर्यंत थांबावे. वर घारी किंवा शिक्रा घिरट्या घालत असेल तर त्या दिवसाचा बेत रद्द करावा.

रंकाळ्याच्या काठावर नेऊन सोडणे अनेकांना योग्य वाटते, कारण तेथे मोकळे वातावरण आहे आणि फोटोही चांगला येतो. पिलाला मात्र तेथे ना थवा ओळखीचा असतो, ना दाण्याची जागा.

१८. सोडले तरी रोज खिडकीत परत येते. काय करावे?

काही दिवस गच्चीवर दाणे ठेवावेत, घरात घेऊ नये, आणि दाणे हळूहळू कमी करत बंद करावेत. एकट्याने वाढलेली पिल्ले माणसाच्या खांद्यावर येऊन बसतात. हे गोड दिसते, पण अनोळखी माणसाच्या किंवा मांजराच्या बाबतीतही ते तसेच निर्धास्त राहते. म्हणून शक्य असेल तर एकाच वयाची दोन पिल्ले एकत्र वाढवावीत, आणि तिसऱ्या आठवड्यानंतर भरवण्यापुरताच हात लावावा.

१९. सापडलेल्या पक्ष्याच्या पायात कडे आहे. तो रानकबूतर आहे का?

नाही, तो कोणाचा तरी पाळीव किंवा शर्यतीचा पक्षी आहे. त्याला दाणा-पाणी देऊन एकदोन दिवस विश्रांती द्यावी. पुष्कळदा तो थकून उतरलेला असतो आणि नंतर आपणच निघून जातो. निघाला नाही तर कड्यावरील अक्षरे व आकडे टिपून जवळच्या कबूतरवाल्याला दाखवावेत. मालकापर्यंत निरोप बहुधा पोहोचतो.

२०. एसीच्या युनिटमागे घरटे आहे. माणूस दुरुस्तीला उद्या येणार आहे. घरटे हलवले तर चालेल का?

पिल्ले असतील तर दुरुस्ती पुढे ढकलावी. ती उडून जायला जास्तीत जास्त पाच आठवडे लागतात. अगदीच अडले, तर घरटे पिलांसकट उथळ खोक्यात घेऊन त्याच कठड्यावर दोनतीन फुटांच्या आत, सावलीत ठेवावे आणि आईबाप येऊन भरवतात का हे संध्याकाळपर्यंत पाहावे. खोली बदलणे किंवा मजला बदलणे चालत नाही, कारण ते जुन्याच जागी शोधत बसतात. पिल्ले उडाल्यानंतर मात्र त्याच दिवशी जागा ओल्या फडक्याने स्वच्छ करून जाळी बसवून घ्यावी. पारवे जवळजवळ वर्षभर विणीवर असतात, आणि पहिली पिल्ले पुरती मोठी होण्याआधीच मादी दुसरी दोन अंडी घालून मोकळी होते.